पुढच्या हंगामात कोण बहरेल?

भातकापणी आटोपली की गोव्यातील कितीतरी गावांत शेतांची मैदाने होतात. बांधांमधल्या कोरड्या जमिनीवर बांबूचे खांब रोवले जातात आणि अंधार पडेपर्यंत चेंडू थांबत नाही. १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी शिवोलीत फुटबॉलची सुरुवात केली असे मानले जाते. २०१२ साली शासनाने या खेळास राज्यक्रीडेचा दर्जा दिला. मधल्या सव्वाशे वर्षांत तो साष्टी-बार्देशापुरता न राहता फोंडा-पेडण्याच्या मराठी शाळांतील मुलांच्याही अंगी भिनला. साहजिकच येथल्या बालरोगतज्ज्ञाला लसीकरण, दमा आणि पोटदुखी यांच्या जोडीने आणखी एका प्रश्नाला उत्तर द्यावे लागते : "डॉक्टर, हा पुढच्या वर्षी संघात येईल ना?"

शाळांचे क्रीडाशिक्षक आणि प्रशिक्षक हाच प्रश्न किंचित निराळ्या शब्दांत विचारतात. वीस-पंचवीस मुले आहेत, वेळ आणि पैसा मर्यादित आहे. यांतला कोण पुढच्या हंगामात सर्वांत जास्त सुधारेल?

आज सर्वांत चांगला कोण खेळतो, या प्रश्नाहून हा प्रश्न अगदी वेगळा आहे. आपल्या व्यवसायातील उदाहरण घ्यावयाचे तर वाढीच्या आलेखावरील एक बिंदू आणि त्या आलेखाची रेषा यांत जो फरक आहे, तोच येथेही आहे. एकदाच घेतलेल्या वजनावरून मूल सुधारते आहे की ढासळते आहे हे आपण सांगत नाही. किमान दोन नोंदी मागतो. निवड-चाचणीच्या मैदानावर मात्र एका दुपारच्या एका बिंदूवरून मुलांचे भवितव्य ठरते. त्या बिंदूमागील रेषा वाचण्याचे जे ज्ञान आपल्यापाशी आहे, ते मैदानापर्यंत पोहोचावे यासाठी हा लेखनप्रपंच.

जन्मतारखेचा लाभ

२०१७ च्या ऑक्टोबर महिन्यात सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे काही सामने मडगावनजीक फातोर्ड्याच्या मैदानावर झाले. १ जानेवारी २००० रोजी वा त्यानंतर जन्मलेला मुलगाच त्या स्पर्धेस पात्र होता. वयोगटाच्या स्पर्धा म्हटल्या की अशी एखादी तारीख ठरवावी लागतेच. परंतु तिच्या अलीकडे आणि पलीकडे काय घडते ते पाहण्याजोगे आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जन्मलेला अशी दोन मुले एकाच गटात खेळतात. त्यांच्यात जवळजवळ एक वर्षाचे अंतर असते. तिशीतल्या माणसांत एका वर्षाने काही बिघडत नाही. बाराव्या वर्षी मात्र ते एकूण आयुष्याचा बारावा हिस्सा असते.

१९८० च्या दशकात कॅनडातील संशोधकांनी आइस हॉकीच्या संघांतील खेळाडूंचे जन्ममहिने मांडले, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची संख्या शेवटच्या तिमाहीपेक्षा ठळकपणे अधिक भरली. २००५ साली दहा युरोपीय देशांतील कुमार फुटबॉलपटूंविषयी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही तोच कल आढळला. यास सापेक्ष वयाचा परिणाम असे म्हणतात. जानेवारीत जन्मलेली बालके जन्मतःच फुटबॉलमध्ये निपुण असतात असे कोणी म्हणणार नाही. मोठा दिसणारा मुलगा निवडला जातो, निवडला गेल्यामुळे त्याला अधिक सराव आणि चांगला प्रशिक्षक मिळतो, आणि वर्षभराने तो खरोखरच अधिक चांगला खेळू लागतो. आपले भाकीत खरे ठरले असे प्रशिक्षकाला वाटते. परंतु ते खरे ठरण्याची सोय त्यानेच करून ठेवलेली असते.

म्हणून सुधारणेचे भाकीत करावयाचे असेल तर यादीत प्रत्येक नावापुढे जन्ममहिना लिहावा. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्या मुलाच्या बरोबरीने खेळत असेल, तर तो कमी वयात तेवढे साधतो आहे. पुढे जाण्यास त्याला अधिक वाव आहे.

वाढीचे दुसरे घड्याळ

जन्मदाखल्यावरील वयाहून महत्त्वाचे दुसरे वय शरीराचे. वयात येण्यापूर्वी निरोगी मूल वर्षाला सुमारे पाच ते सहा सेंटिमीटर वाढते. मग वाढीला एकाएकी वेग येतो. मुलांमध्ये हा वेग सरासरीने चौदाव्या वर्षाच्या सुमारास कळसाला पोहोचतो व वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर होतो. मुलींमध्ये तो साधारण दोन वर्षे आधी येतो आणि किंचित कमी असतो. ब्रिटिश बालवृद्धितज्ज्ञ जेम्स टॅनर यांनी वर्षानुवर्षे त्याच त्या मुलांची मोजमापे घेऊन दाखविले, की हा कळस सर्व मुलांत एकाच वयात येत नाही. पूर्णपणे निरोगी मुलांतही तो सरासरीच्या दोन वर्षे आधी किंवा दोन वर्षे नंतर येऊ शकतो. सातवीच्या एकाच वर्गात मिसरूड फुटलेला मुलगा आणि निव्वळ बालक शेजारी बसलेले आपण पाहतो ते यामुळेच.

याचा खेळाशी संबंध थेट आहे. वाढीच्या कळसाच्या मागेपुढे मुलाचा वेग आणि दमश्वास सुधारतो. स्नायूंचे बळ बहुधा आणखी काही महिन्यांनी, वजन भरू लागल्यावर येते. जो मुलगा ही पायरी ओलांडून गेला आहे, त्याच्या शरीराने देण्याजोगे बरेचसे देऊन टाकले आहे. जो अजून पायरीवर चढलेला नाही, त्याचे सारे यावयाचे आहे.

एक उदाहरण घेऊ. तेरा वर्षांची दोन मुले, दोघांचीही उंची १५० सेंटिमीटर. आईवडिलांच्या उंचीवरून आणि आजवरच्या वाढीवरून पहिल्याची प्रौढ उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास होईल असा अंदाज निघतो, दुसऱ्याची १७८. म्हणजे पहिल्याने आपल्या अंतिम उंचीचा ९१ टक्के पल्ला गाठला आहे, दुसऱ्याने ८४ टक्के. मुलांमध्ये वाढीचा कळस सर्वसाधारणपणे ९१-९२ टक्क्यांच्या सुमारास येतो. पहिला ऐन भरात आहे. दुसऱ्याची भरती अजून सुरूही झालेली नाही. मैदानावर दोघे सारखेच खेळत असतील, तर सुधारणेच्या अपेक्षेने मी दुसऱ्याचे नाव लिहीन. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील अकादमींनी गेल्या दशकात याच टक्केवारीवरून मुलांचे गट पाडून काही स्पर्धा खेळविल्या, म्हणजे वयाऐवजी वाढीच्या टप्प्याने बरोबरीचे प्रतिस्पर्धी एकमेकांसमोर आणले. ही गणिते मुख्यतः पाश्चात्त्य मुलांच्या मोजमापांवर बेतलेली आहेत. आपल्या मुलांना लावताना ती सैल हाताने वापरावीत हे खरे. परंतु विचाराची दिशा योग्य आहे.

येथे एक सावधगिरी. ऐन वाढीच्या सहा-आठ महिन्यांत काही मुलांचा खेळ बिघडतो. पाय लांबतात, तोल बदलतो, कालपर्यंत सहज थांबणारा चेंडू पायावरून निसटतो. याच काळात गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दुखणारा ऑस्गुड-श्लॅटर विकार आणि त्याच्या थोडा आधी टाचेत दुखणारा सेव्हर विकार डोके वर काढतो. प्रशिक्षकाला वाटते मुलगा आळशी झाला. आईला वाटते शाळेचा कंटाळा आला. उंचीची तिमाही नोंद समोर असेल, तर हा घसरणीचा काळ वाढीचा आहे हे कळते. त्याला त्या वेळी हवी असते सरावाची मात्रा थोडी कमी करणे आणि धीर. अशा मुलाला वगळणे म्हणजे मोहोर गळाला म्हणून आंब्याचे झाड तोडण्यासारखे आहे.

हाडांच्या छायाचित्रावरून निघणाऱ्या अस्थिवयाविषयीही दोन शब्द. खोट्या जन्मदाखल्यांना आळा घालण्यासाठी मनगटाची तपासणी खेळांत आली. फिफाने २००९ च्या नायजेरियातील कुमार विश्वचषकापासून मनगटाच्या एम.आर.आय.चा अवलंब केला. परंतु अस्थिवय हे परिपक्वतेचे माप आहे, जन्मतारखेचा पुरावा नव्हे. प्रामाणिक दाखल्याचा, लवकर वाढलेला एखादा मुलगा त्यात दोषी ठरू शकतो. आपल्यापैकी जो कोणी असा अहवाल लिहितो, त्याने ही मर्यादा त्याच कागदावर स्पष्ट लिहावी.

लवकर बहरलेल्यांचे दुःख

उशिरा वाढणाऱ्या मुलांविषयी सहानुभूती वाटणे सोपे आहे. मला अधिक चिंता वाटते ती लवकर वाढलेल्यांची.

काही वर्षांपूर्वी पंधरा वर्षांचा एक मुलगा वारंवार डोके दुखते म्हणून माझ्याकडे आला. तपासणीत काही निघाले नाही. जुने कार्ड काढले, तर बाराव्या वर्षी त्याची उंची १६३ सेंटिमीटर नोंदलेली होती. आता ती १६७ होती. बाराव्या वर्षी तो आपल्या तालुक्यातील सर्वांत वेगवान आघाडीवीर होता. चेंडू पुढे ढकलायचा आणि सर्वांच्या आधी पोहोचायचे, एवढ्यावर सामने जिंकता येत होते. त्यामुळे चेंडू अंगाजवळ खेळविणे, मान वर करून सहकाऱ्याला पाहणे, डाव्या पायाने मारणे हे शिकण्याची गरज त्याला कधी पडलीच नाही. तीन वर्षांत बाकीची मुले त्याच्या बरोबरीला आली, काही पुढे गेली. घरात करंडकांचे कपाट होते आणि मुलगा संघाबाहेर होता. "आई म्हणते, मी मन लावत नाही," असे तो म्हणाला. त्याच्या मन लावण्यात काही उणे नव्हते. इतरांच्या आधी आलेली भरती ओसरली होती, आणि असे होऊ शकते हे त्याला वा त्याच्या घरच्यांना कोणी आधी सांगितले नव्हते.

अशा मुलाला बाराव्या-तेराव्या वर्षी आपल्याहून मोठ्या गटात अधूनमधून खेळवावे, म्हणजे शक्तीवर भागत नाही हे त्याला वेळेवर कळते व तो कौशल्याकडे वळतो. त्याच्या पालकांना वाढीचा आलेख दाखवून समजावून सांगणे हे आपले काम आहे.

उंचीची इंजेक्शने

दुसऱ्या टोकाला डिसेंबरात जन्मलेला, तेरा वर्षांचा, १४२ सेंटिमीटर उंचीचा एक मुलगा होता. एका संघाच्या निवडीत "अंगाने लहान" म्हणून वगळल्यावर वडील त्याला घेऊन आले.

"डॉक्टर, त्या मेस्सीला इंजेक्शने दिली होती ना? याला पण देऊन टाकू या. पैशांचे मी बघतो."

"बसा जरा. तुम्ही स्वतः दहावीत केवढे होता?"

"मी? रांगेत पहिला उभा असायचो. कॉलेजात गेल्यावर एकाएकी वाढलो."

निदान जवळजवळ तेथेच झाले. लिओनेल मेस्सी यांना वाढीच्या संप्रेरकाची खरीखुरी कमतरता होती. तो आजार होता आणि ते उपचार होते. २००० साली तेराव्या वर्षी ते बार्सिलोनात दाखल झाले, तेव्हा त्या उपचारांच्या खर्चाचा प्रश्नही सोबत होता. या मुलाला आजार नव्हता, वडिलांचेच घड्याळ त्याला मिळाले होते. पुढच्या वर्षी तो ५ सेंटिमीटर वाढला, त्यापुढच्या वर्षी १०. तो मोठा खेळाडू झाला असे सांगून मी ही हकिकत गोड करणार नाही. तो महाविद्यालयाच्या संघात खेळला आणि अजूनही गावच्या संघातून खेळतो. मधली दोन वर्षे त्याने खेळ सोडला नाही, याचे श्रेय त्याला आपल्यासोबत खेळू देणाऱ्या गावातील थोरल्या मुलांना आहे.

मोठ्या खेळाडूंतही अशी उदाहरणे आहेत. जेमी वार्डी यांना सोळाव्या वर्षी लहान चणीमुळे एका क्लबातून बाहेर पडावे लागले. पुढे ते खालच्या दर्जाच्या स्पर्धांत खेळत आणि वैद्यकीय आधारपट्ट्या बनविणाऱ्या कारखान्यात काम करीत. २०१५-१६ च्या हंगामात लेस्टर सिटीने प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा त्यांनी सलग अकरा सामन्यांत गोल करून विक्रम केला होता. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने तर उशिरा वाढणाऱ्या कुमारांसाठी वेगळे राष्ट्रीय संघच ठेवले, कारण लहान देशाला एकही गुणी मुलगा वाया घालविणे परवडत नाही. लोकसंख्येचा विचार करता गोवा त्याहूनही कितीतरी लहान आहे.

दैवाचा वाटा

सर्वच सुधारणा शरीरातून येत नाही. काही सुधारणा निव्वळ संख्याशास्त्रातून येते. १८८६ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी आईवडिलांच्या आणि त्यांच्या प्रौढ मुलांच्या उंचीची तुलना प्रसिद्ध केली. फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण बहुधा त्यांच्याइतकी नाहीत. फार बुटक्यांची मुले बुटकी, पण तितकी नाहीत, असे त्यांना आढळले. सरासरीकडे परतण्याचा हा नियम मैदानावरही लागू पडतो. ज्या मुलाने गेल्या हंगामात आपल्या कुवतीबाहेर गोल केले, त्यात थोडे दैव होते. पुढच्या हंगामात त्याचा आकडा खाली येण्याची शक्यता अधिक. ज्याचे पाच फटके खांबाला लागून परतले, त्याचा आकडा वर जाण्याची शक्यता अधिक. ज्या फातोर्ड्यात २०१७ साली इराणच्या कुमारांनी जर्मनीला ४-० असे हरविले, तेथल्या प्रेक्षकांना एका सामन्यावरून भाकीत करू नये हे वेगळे सांगावयास नको.

म्हणून केवळ गोल मोजू नयेत. गोल करण्याजोग्या जागी तो किती वेळा पोहोचला, हरवलेला चेंडू परत मिळविण्यासाठी किती वेळा धावला, सांगितलेली चूक पुढच्या आठवड्यात त्याने सुधारली का, हे पाहावे. यात दैवाचा वाटा कमी असतो. प्रशिक्षकांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. वाईट खेळानंतर रागावले की मुलगा सुधारतो आणि उत्तम खेळानंतर कौतुक केले की बिघडतो, हा अनुभव पुष्कळदा याच नियमाचा खेळ असतो. रागावण्यास त्याचे श्रेय नसते आणि कौतुकास दोष नसतो.

दूर करता येणारे अडथळे

आता खास आपल्या क्षेत्रातील भाग. पुढच्या हंगामात सर्वाधिक सुधारणारे मूल कित्येकदा ते असते, ज्याच्या वाटेतील अडथळा कोणीतरी ओळखून दूर केला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के आणि मुलांपैकी ३१.१ टक्के रक्तक्षयग्रस्त होते. एका शाळेच्या संघातील गोलरक्षक मुलगी उत्तरार्धात "लक्ष देत नाही" अशी तक्रार होती. तिचे हिमोग्लोबिन ८.४ निघाले. पाळीत होणाऱ्या अतिरिक्त रक्तस्रावाविषयी ती कोणाशी बोलली नव्हती. लोहाच्या गोळ्या आणि पाळीवरील उपचार यांनी चार महिन्यांत तिचा उत्तरार्ध पूर्वार्धासारखा झाला. धावताना खोकणाऱ्या मुलाचा दमा, फळ्यावरचे दिसत नाही हे लपविणाऱ्या मुलाची दृष्टी, पहाटेचा सराव आणि रात्रीची शिकवणी यांच्या कात्रीत सहा तासांवर आलेली झोप, या सर्व गोष्टी तपासल्या तरच सापडतात. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप हवी. यातले काहीही महाग नाही.

आपण काय करू शकतो

आपल्या संघटनेचे सभासद शाळांत आरोग्यशिबिरे घेतात. त्यांत आणखी थोडी भर घालावी असे मी सुचवितो. प्रत्येक खेळाडूची उंची दर तीन महिन्यांनी, अनवाणी, एकाच भिंतीवरील पट्टीवर, शक्यतो एकाच वेळी मोजावी व मागील नोंदीपासूनचा फरक लिहावा. आईवडिलांची उंची एकदाच नोंदवावी. दोघांच्या उंचीची बेरीज करून मुलासाठी १३ सेंटिमीटर मिळवावे, मुलीसाठी १३ वजा करावे आणि दोनाने भागावे. घराण्याच्या उंचीचा स्थूल अंदाज मिळतो. जन्ममहिना नावापुढे लिहावा. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि दृष्टी तपासावी. वयात येण्याच्या खुणांची तपासणी मात्र दवाखान्यातच, पालकांच्या आणि मुलाच्या संमतीने, पडद्याआड व्हावी. मैदानावर तिचा उल्लेखही होऊ नये.

एवढी माहिती हाती असली तरी भाकीत चुकेल, अनेकदा चुकेल. मुलाच्या मनातील जिद्द, घरची परिस्थिती, एखादी दुखापत, एखादा चांगला गुरू यांना कोणत्याही आलेखावर जागा नाही. म्हणून या भाकिताचा उपयोग कोणाला वगळावे हे ठरविण्यासाठी नसून, आणखी कोणाला ठेवून घ्यावे हे ठरविण्यासाठी करावा. वीसपैकी पंधरा मुले प्रशिक्षकाने आपल्या नजरेने निवडावीत; उरलेल्या पाच जागा वर्षअखेरीस जन्मलेल्या, उशिरा वाढणाऱ्या आणि आजारातून उठलेल्या मुलांसाठी राखाव्यात.

पुढच्या हंगामात कोण बहरेल हे छातीठोकपणे सांगणे वैद्यकशास्त्राच्या आवाक्यातले नाही. परंतु बारा ते पंधरा वर्षांच्या कोणत्याही मुलाला केवळ अंगकाठी पाहून घरी पाठवू नये, हे मात्र आपण प्रशिक्षकांना पुराव्यानिशी सांगू शकतो. येत्या शिबिरापासून ते सांगावयास आरंभ करू या.